बर्फात गप्प, कोरड्यात कट्!

आवाज ऐकव म्हणे! अहो, ऐकव काय, मी काय गवई आहे? तुम्हाला सांगतो, दोन महिने डोकं फिरलं होतं माझं. चारही चाकं ओढणारी गाडी, रोडोपीच्या डोंगरात दुसरी चालतच नाही, आणि वळलं की कट्, कट्, कट्! पण आमच्या स्पास मेकॅनिकला शेजारी बसवलं, गावच्या बर्फातून फिरवलं, की… गप्प! एकदम सज्जन! आणि तो मिशी कुरवाळत म्हणणार, "ओग्न्यान, आवाज कुठाय? आधी आवाज ऐकव, मग बोलू."

चाकाचा सांधा बदलून झाला. मागचा डिफरन्शियल, म्हणजे चाकं फिरवणाऱ्या दातेरी चक्रांचा डबा, उघडला, तेल बोटांत चोळलं, हुंगलं, म्हणाला, "तेल झकास आहे!" अरे, मग काय त्यात बटाटे तळू? तेही नशिबात नाही, कारण बायकोला बटाटा बंद. रादोस्तिनाची मूत्रपिंडं निकामी झालेली. डायलिसिसला घाट उतरायचा तो याच गाडीने… आणि गाडी? वळलं की कट्!

त्या सकाळी मी गाडीखाली लोळतोय, आणि सोफियाच्या हॉस्पिटलातून फोन. "किडनी मिळालीय. दुपारपर्यंत पोहोचा." किती वर्षं वाट बघितली होती या फोनची! आणि ॲम्ब्युलन्सवाला म्हणतो, "घाटात बर्फ आहे, मी वर येत नाही. पायथ्याशी थांबतो, तुम्ही उतरा." उतरा! कशात? याच्यात!

निघालो. शेजारी रादोस्तिना, मागे सासूबाई, मांडीवर बानित्साचं, म्हणजे चीज भरलेल्या पाईचं, गरम ताट. "जावईबापू, हळू!… अहो, लवकर!… अहो, हळू!" गावातून गाडी लोण्यासारखी निघाली. पण खिंड ओलांडली, तर वाऱ्याने रस्ता साफ झाडलेला, काळा, कोरडा ठणठणीत. पहिलं वळण… कट्! दुसरं… कट्, कट्! स्टिअरिंगवर जणू कोणी बसलंय. तिसऱ्याला खालून असा धाड्कन आवाज आला, की मी ब्रेकच मारला. जळका वास. पुढे दरी. डोक्यात एकच… आज मोडली, तर रादोस्तिनाची किडनी दुसऱ्याला जाणार.

रादोस्तिना शांत. मला म्हणते, "गावात वळलास, तेव्हा वाजली?"

"नाही."

"तिथे बर्फ होता. इथे नाही. बर्फात का वाजत नाही?"

"बर्फात चाकं घसरतात ना गं…"

"म्हणजे इथे घसरायला मिळत नाही, म्हणून एकमेकांशी भांडतात. हिवाळ्याआधी टायर किती बदललेस?"

मी खिडकीबाहेर बघायला लागलो.

"ओग्न्यान! किती?"

"मागचे दोन."

"आणि पुढचे?"

"चांगले होते गं… थोडेसे झिजलेले."

झालं! पुढची चाकं झिजून लहान, मागची नवी कोरी, मोठी, आणि चारही आतून एकाच दांड्याला बांधलेली! पुढची म्हणतात भरभर फिरू, मागची म्हणतात कशाला, आणि मधल्या मधे दांडा पिळवटतोय. स्पासने उघडायचं काही शिल्लक ठेवलं नाही, आणि टायर… टायर कोणी बघितलेच नाहीत!

"मग चाकांना बर्फ दे," म्हणाली.

अहो, सगळं जग बर्फ चुकवतं, आणि मी शोधत होतो! मागच्या टायरांतली थोडी हवा सोडली, म्हणजे तेही पुढच्यांएवढे बसतील, आणि प्रत्येक वळणावर गाडी कडेच्या बर्फात घातली. आणि कडेला काय असतं? दरी! सासूबाई किंचाळतायत, "दरी! अहो, दरी!" रादोस्तिना म्हणते, "आई, दरीकडे मी बघते, तू ताट सांभाळ." पण गाडी? गप्प!

पायथ्याशी ॲम्ब्युलन्स दिसली, तेव्हा माझी बोटं स्टिअरिंगवरून सुटेनात. रादोस्तिनानेच एकेक सोडवली. म्हणाली, "आता मला भीती वाटतेय रे." इतका वेळ वाटली नव्हती, बघा. ऑपरेशनसाठी तिचा उपास, म्हणून सासूबाईंनी सगळी बानित्सा ॲम्ब्युलन्सवाल्याच्या हातात कोंबली, आणि आम्ही सोफियाला.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले. "छान झालं. लघवीसुद्धा होतेय!" तुम्हाला सांगतो, लघवी या शब्दाने माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं, हे मला त्या दिवशी कळलं. मग विचारलं, "आणि जुन्या काढल्यात ना?"

"नाही, त्या आतच राहतात."

"आतच? एक नवी आणि दोन झिजलेल्या? अहो डॉक्टर, सगळ्या एकदम बदला!"

डॉक्टरांनी सासूबाईंना विचारलं, "हे काय करतात?"

"गाडीखाली झोपतात," सासूबाई म्हणाल्या.

आता रादोस्तिना ठणठणीत आहे. चारही टायर नवे घातलेत, गाडी तीच चालवते, मी शेजारी. परवा वळणावर मला टक् असं ऐकू आलं. देवाशपथ, आलं! मी तोंड उघडलं… तिने नुसतं बघितलं.

मी म्हटलं, "छान चालवतेस हो."