पुट ऑफच्या तासाला आलेले दोघे

शिकवणीला सगळ्यांत आधी बेकरीवाली आली. ती नेहमीच आधी येते. तिचं काम पहाटे सुरू होऊन दुपारी संपतं, आणि घरी गेली तर झोप लागेल म्हणून ती तशीच पिठाच्या हातांनी येते. तिच्या मागून शिवणवाली, मग नर्सबाई आणि बाकीच्या. आणि मग ते दोघे, ज्यांना कोणी बोलावलं नव्हतं. चौकीत लिहून घेणारे पोलीससाहेब म्हणतात, आजी, आधी नाव, वय, धंदा, पत्ता. नाव वर लिहिलंय तेच. वय एकाहत्तर, कागदाप्रमाणे. तो कागद माझ्या वडिलांनी अंदाजाने केला होता. धंदा घरकाम. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. राहते सुनेजवळ, बाजारामागच्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर, जिन्याला लागून.

मी समक्ष हजर राहून सांगते की, माझा मुलगा वारला त्याला चार वर्षं झाली. सून मला सोडून माहेरी गेली असती तर कोणी तिला नावं ठेवली नसती. ती गेली नाही. पुढच्या खोलीत ती कामकरी बायकांना इंग्रजी शिकवते, त्यावर आम्हा दोघींचं घर चालतं. खोली भाड्याची आहे. करार चालू आहे, तो सुनेने इथे दिला आहे.

तिच्या शिकवण्याची रीत अशी की, फळ्यासमोर उभं राहून जो छडी आपटेल तो मास्तर. मास्तर जे बोलेल ते सगळ्यांनी लगेच मोठ्याने म्हणायचं, इंग्रजी असो की आपलं. विचार करायचा नाही. विचार केला की जीभ अडते, असं सून म्हणते. पाळीपाळीने सगळ्या मास्तर होतात. मीही झाले आहे. छडी हातात आली की माणसाचा आवाजच बदलतो.

मंगळवारी दुपारी पुट ऑफ हा धडा होता. साहेब म्हणतात, हे लिहायची गरज नाही. पण मला येतंय, तर लिहाच. दिवा घालवला तरी पुट ऑफ. दातांच्या डॉक्टरकडे जायचं पुढच्या आठवड्यावर नेलं तरी पुट ऑफ. शिवताना कोणी कानाशी बडबडून टाका चुकवला तरी तेच. दारात आलेल्याला काहीबाही सांगून वाटेला लावलं तरी तेच. आणि एखादी गोष्ट बघून जेवणावरची वासना उडाली, तर तेही पुट ऑफ. एवढेसे दोन शब्द, पण घरातल्या सुईसारखे, कुठेही चालतात! मला फार गंमत वाटली. बेकरीवाली म्हणाली, "आमच्या ह्यांनी कामाला जाणं पुट ऑफ केलंय, लग्न झाल्यापासून." आम्ही हसतच होतो, तोवर दार उघडलं. वाजवलं कोणी नाही, सरळ उघडलं.

आले ते घरमालकांचा भाचा आणि त्याचा जाडा जोडीदार. मालक स्वतः भले गृहस्थ आहेत, पण अंथरुणाला खिळलेत आणि सगळं या भाच्याच्या हातात गेलंय. दोघे बुटांसकट आत. बूट चिखलाने भरलेले. सून म्हणाली, बसा, धडा संपतोच आहे. मी चहा दिला, दारात आलेल्याला द्यावाच लागतो, आणि परत माझ्या खुर्चीत येऊन बसले. भाच्याने काडीने दात कोरायला घेतले. जे निघालं ते डोळ्यांपुढे धरून नीट बघितलं आणि टेबलाच्या कडेला पुसलं. त्याच टेबलावर बायका वह्या ठेवतात. मग चहाची चूळ खळखळवून परत कपात थुंकला. जाड्याने माझ्या धुतलेल्या पडद्याला नाक पुसलं. शी! पुट ऑफचा शेवटचा अर्थ इतका उघडून दाखवायची काही गरज नव्हती.

मग भाचा फळ्यासमोर गेला, छडी उचलली, आपटली आणि सुनेला म्हणाला, "ही खोली महिनाअखेर रिकामी झाली पाहिजे."

"ही खोली महिनाअखेर रिकामी झाली पाहिजे," सगळ्या म्हणाल्या. मीसुद्धा. तोंडातून गेलंच.

तो दचकला. "ए, गप्प बसा!"

"ए, गप्प बसा!"

"माझी चेष्टा करता काय गं?" परत छडी आपटली.

"माझी चेष्टा करता काय गं?"

जाड्याला हसू फुटलं, ते त्याने कसंबसं गिळलं. भाच्याचे कान लाल झाले. तो सुनेच्या अगदी तोंडाशी वाकला. "करार-बिरार मला दाखवू नकोस. खोली सोडली नाहीस, तर तुझ्या म्हातारीला खुर्चीसकट जिन्यावरून खाली सोडीन. म्हातारी माणसं पडतातच."

शिवणवालीने माझ्याकडे बघितलं. सुनेच्या हातातला खडू मोडला. मग बेकरीवाली उभी राहिली आणि त्याच्या डोळ्यांत बघून, एकेक शब्द सुटा करून, त्याचंच ते सगळं परत म्हणाली. मग नर्सबाई म्हणाली. मग सगळ्या, एकदम. सून म्हणाली नाही. मीही नाही. भाच्याने छडी टाकली आणि दोघे निघून गेले.

साहेब विचारतात, सगळ्या बायका शब्दाला शब्द तेच सांगतात, तुम्ही ठरवून पाठ केलंत का? पाठ केलं, हो. त्यानेच करून घेतलं.

साहेब कप मागतात. तो मी सोड्याने घासला, उकळत्या पाण्यात टाकला, तरी हात लावावासा वाटेना, म्हणून कचऱ्यात दिला. चूक झाली म्हणतात. टेबलाची कड मात्र अजून तशीच आहे, कोणाच्याने पुसवली नाही. ती येऊन बघावी.

मला मार लागलेला नाही. माझे पाय चांगले आहेत. मंगळवारपासून मी जिना उतरले नव्हते. आज इथे येताना सुनेने एका बाजूने आणि बेकरीवालीने दुसऱ्या बाजूने धरलं होतं. सून म्हणते, आई, आपण दुसरीकडे जाऊ. मी नको म्हटलं आहे.

वरचं सगळं साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवलं. मी सांगितलं तसंच आहे, 'शी' सुद्धा आहे. बरोबर म्हणून खाली सही करते. एवढंच राहिलं होतं, ते सहीच्या वर घाला: जिन्यात उतरता उतरता भाचा ओरडून सांगून गेला की, शनिवारी सकाळी परत येतो.