भिंतीला पाजलेला चहा

चहा मी माणसांपेक्षा भिंतींना जास्त पाजलाय. हसू नका. दुबईजवळच्या रास अल खैमात एका हॉटेलवाल्याला जुनं इटालियन गाव उभं करायचं होतं आणि मी तिथे गवंडी होतो. भिंत झाली की इंजिनिअर ओरडायचा, "चाचा, ही नवी दिसतेय! जुनी करा, यल्ला, लवकर!" मग मी तिला भेगा पाडायचो आणि वर चहाचं पाणी मारायचो.

गेल्या वर्षी मुलगा रियाज मला खऱ्या इटलीत घेऊन गेला. समुद्राकाठच्या डोंगरावरचं जुनं गाव, नुसत्या पायऱ्या. वर एक म्हातारी आपल्या भिंतीपाशी रडकुंडीला आली होती. रियाजने मोबाइलवर भाषांतर करून तिला विचारलं.

"अब्बा, घर गळत होतं म्हणून तिने भेगेत सिमेंट भरलं. आता तपासणीचा माणूस येतोय. गाव सरकारने जुनं म्हणून जपलंय, नवीन काम दिसलं तर मोठा दंड."

मी बाह्या सरसावल्या.

"अब्बा, आपण फिरायला आलोय!"

"तिला सांग, चहा कर. बिनदुधाचा."

तिच्याकडे कॉफीच होती. तीही चालली. ओरखडे काढले, माती चोळली, वर कॉफी मारली. तेवढ्यात तो माणूस आला, नेमक्या त्याच जागेवर बोट फिरवत रियाजशी बराच वेळ बोलला. म्हातारीने डोळे मिटून घेतले.

"काय म्हणतो रे?"

"आपण दुबईकडचे म्हटलं, तर म्हणतो, तुमच्या दुबईत सगळं नकली. खरं जुनं काम बघायला इथेच यावं लागतं."

 मी त्या माणसापुढे रुमाल धरला. त्याच्या बोटाला कॉफी लागली होती.