मालतीबाईंच्या अस्थी माकणीतच राहतील

पाटील, गुरुजी, आयाबायांनो, आन् पुण्याहून आलेले दादासाहेब. बाईंच्या शाळेच्या अंगणात सगळे जमलात, लई बरं केलंत. गाव मला ओळखतं. दादासाहेबांसाठी सांगते, मी हुसेनबी, बांगड्या भरणारी. तुमच्या बहिणीच्या भिंतीला भिंत लावून राहते. सभेत बोलायची सवय न्हाय मला. पण आज गप बसले तर उद्या मलाच माझं तोंड बघवायचं न्हाय.

दादासाहेब, तुम्ही आत्ताच म्हणालात, "मालतीचं आयुष्य या खेड्यात वाया गेलं. निदान अस्थी तरी नाशिकला नेतो." सकाळच्या एस.टी.नं निघणार म्हणालात. कुणी बोललं न्हाय, कारण तुम्ही पाहुणे. तर मी बोलते.

वाया गेलं? कुणी सांगितलं तुम्हाला?

बाई का आल्या इथं? पोलीस ॲक्शन नुकती होऊन गेलेली, निजामाचं राज गेलेलं. शिकलेलं माणूस इकडं फिरकत नव्हतं. आमची मुसलमानांची घरं तर दार उघडायला भीत होती. आन् ही विधवा बाई एक ट्रंक घेऊन बैलगाडीतनं उतरली. म्या इचारलं, "पुणं सोडून हितं काय पुरून ठेवलंय, बाई?" तर म्हणल्या, "तिथं सगळ्यांचा स्वयंपाक करत होते, हुसेनबी. तुला काय वाटतं, असं कुणी कधी विचारलं नाही. इथं निदान मुलींचा वर्ग तरी माझा आहे."

सुखी होत्या का? खोटं बोलणार न्हाय. पहिल्या साली रडायच्या. पाणी खारट म्हणायच्या, विंचवाला भ्यायच्या, गावच्या चुगल्यांना तर लईच वैतागायच्या. "इथं शिंकलं तरी वेशीपर्यंत कळतं," म्हणायच्या. माझ्याशीबी भांडल्या, बोलायच्या बंद झाल्या, मग आपणच वाटीभर साखर मागायला आल्या.

आन् ती पहिली येळवस! त्या अवसेला अख्खं गाव शेतात डाळी-भाज्यांची भज्जी जेवायला जातं, घराघराला कुलूप. बाईंना कुणी सांगितलंच न्हाय. ज्याला त्याला वाटलं, दुसऱ्यानं सांगितलं असंल. सकाळी बघत्यात तर गल्लीत चिटपाखरू न्हाय. त्यांना वाटलं पुन्हा दंगा झाला, गाव पळालं. आतनं कडी लावून, वरवंटा हातात घेऊन बसल्या. शेतात माझ्या ध्यानात आलं, बाई न्हाईत. तशीच माघारी आले. कडी लावून बसणं काय असतंय, ते मला चांगलं ठावं होतं. दार वाजवलं, नाव सांगितलं, तरी उघडंनात. शेवटी वरडले, "अवो बाई, भज्जी निवायलीय!" तवा कुठं दार उघडलं, वरवंटा हातात तसाच. शेतापर्यंत हसत गेलो दोघी. पाटलांच्या शेतातल्या खोपीपुढं बाई पोटभर जेवल्या, वर तांब्याभर आंबील पिल्या आन् कडब्यावर घोरत पडल्या. नंतर दरसाली शेताशेतातनं हाका, "बाई, आधी आमच्याकडं!" ह्याला वाया जाणं म्हणता व्हय?

मागच्या साली बाई तापानं पडल्या. तुम्ही जीप घेऊन न्यायला आलात. मी उशाशी होते. तुमच्या तोंडावर काय म्हणल्या त्या? "मी घर सोडलं तेव्हा सोडायला कुणी आलं नाही, दादा. आता न्यायला येऊ नका. मेले तर इथली तेरणा नदी आहे की." व्हय का न्हाय? मान खाली घालू नका. सांगा सगळ्यांना.

ही मुसलमानीण आम्हाला अस्थींचं शिकवणार का, असं कुणाच्या मनात असंल. असू द्या. तुमचं शास्त्र मला ठावं न्हाय. बाईंचं म्हणणं ठावं हाय, आन् ते तुम्हालाबी ठावं हाय.

अस्थींचं गाठोडं समोर लिंबाला टांगलंय. उद्या ते तेरणेवर जाईल. रक्ताचा हक तुमचा. पुढं तुम्ही चाला, तुमच्याच हातानं सोडा, आमी मागनं येतो. पण नाशिकला न्यायचंच म्हणत असाल, तर आज आमी सगळ्या बायका त्या लिंबाखाली बसणार. आमाला उठवून न्या.

आता उभे राहा सगळे. लेकरं उगी करा, डोकीवरचे पदर नीट घ्या. बाईंसाठी जरा वेळ गप राहू. दादासाहेब, तिकडं पाहुण्यांत नका थांबू. हितं या, आमच्यात.