चव्वेचाळीस नंबरचं वायफाय

— त्याच्या खालचं गं, त्याच्या खालचं. 'सुहासिनी फॉर्टीफोर'. हां, तेच, थांब तिथंच. सगळ्या काड्या भरलेल्या दिसतात ना? दिसणारच, भिंतीच्या पलीकडेच तर आहे ते. आता ओके दाब — ओके म्हणजे मधलं गोल बटण, ईशिता. तू कॉम्प्युटरमधली ना? … टेस्टिंग. म्हणजे दुसऱ्यानं केलेल्या कामातल्या चुका काढायच्या? आणि त्याचा पगार देतात? अगं, मी जन्मभर फुकट करत आले ते, विचार आमच्या ह्यांना. बस ना, उभी का? तुझी मीटिंग दोनला आहे, आत्ता कुठे एक वाजतोय. हा टीव्ही शार्दूलनं पाठवला, आमच्या मुलानं, मेडनहेडहून. पंचावन्न इंच. बातम्या लावल्या की त्या बाईच्या नाकपुड्या दिसतात. म्हणाला, आई, स्मार्ट आहे, सगळं आपोआप होतं. आपोआप कसलं — काल मी एकटीनं बसून केलं तर टीव्ही पोलिश बोलायला लागला. तासभर लागला त्याला परत इंग्लिशवर आणायला. म्हणून म्हटलं, समोर ती नवीन मुलगी आलीय, घरूनच काम करते, तिला बोलवावं. तू नागपूरची ना गं? … काही नाही, सहज. तिकडची माणसं बोलायला गोड असतात. असतात म्हणजे, सुरुवातीला असतात.

काय? नाही, माझं नाव मधुमती. बरोबर. सुहासिनी म्हणजे शेजारची, चव्वेचाळीस नंबर. हो, वायफाय तिचंच. अगं अशी काय बघतेस, चोरी नाहीये ही. इकडे ये, ह्या भिंतीला कान लाव. एकच भिंत आहे दोन्ही घरांना. ती शिंकली की आमचे हे इकडून 'शतायुषी भव' म्हणतात. एकतीस वर्षं राहतोय आम्ही लंडनच्या ह्या हॅरोत असे पाठीला पाठ लावून. लॉकडाऊनमध्ये आमचं ब्रॉडबँड सारखं बंद पडायचं, तर तीच म्हणाली, मधू, कशाला दोन-दोन घेतेस, भिंत एक तर वायफाय एक. माझा फोन तिनं कुंपणावरून घेतला, सॅनिटायझरनं पुसला, स्वतःच्या हातानं पासवर्ड घातला, परत पुसला आणि दिला. तेव्हापासून तिचं वायफाय आणि माझी भाजणी. तिला भाजणी जमत नाही, करपवते. दर महिन्याला एक डबा पलीकडे. असा सरळ कारभार होता. ह्यांचा फोन बटणांचा, ह्यांना वायफायचं काही घेणं-देणं नाही.

पासवर्ड माहितीय की. तिनंच मोठ्यांदा सांगितला होता कुंपणापलीकडून, अख्ख्या रस्त्याला ऐकू गेला असेल. लिही. सगळं लहान अक्षरांत, मध्ये जागा नाही. सांबारवडी, आणि पुढे आमच्या दोघींच्या दारांचे नंबर — चार दोन, चार चार. आधी आमचा, मग तिचा. बघ, स्वतःच्या वायफायमध्ये शेजारणीचा नंबर आधी घालणारी बाई. तर लिही — एस, ए, एम, बी, ए, आर — किती हळू सरकतो गं हा बाण, एम वरून बी वर जायला एवढा प्रवास — डब्ल्यू, ए, डी, आय. चार दोन, चार चार. दाब आता. …

बघ. 'इनकरेक्ट पासवर्ड'. सांगितलं नव्हतं? नव्हतं सांगितलं? बरं, मग आता सांगते. बदललाय तिनं. मला माहीतच होतं.

मग तुला कशाला बोलावलं? अगं, तू टेस्टर ना, तुझ्याकडे काही युक्ती असेल म्हणून. व्ही घालून बघायचं? मी सहा महिन्यांपूर्वीच बघितलंय. डब्ल्यूनं केलं, व्हीनं केलं, आय घातला, डबल ई घातला, पहिलं अक्षर मोठं केलं. काही नाही. माणसानं दार लावलं की लावलं. … वास? हो, भाजणी भाजलीय सकाळी. तीन किलो. दोघांना कशाला म्हणजे, लागते. ती व्हॅन? ती तिची. आज चाललीय ती, कार्डिफला, देविकाकडे, तिची मुलगी तिथं हॉस्पिटलात नोकरीला आहे. नवरा गेल्यापासून एकटीच होती ना इथं. घर विकलं. कायमची चाललीय.

काय म्हणालीस? … मग आज तिच्या वायफायला टीव्ही जोडून काय उपयोग. हे बघ, तू मॅनेजर आहेस का माझी? शार्दूलनं आमचं नवीन कनेक्शन सांगून ठेवलंय, एकोणीस तारखेला माणूस येणार आहे लावायला, मला माहितीय सगळं. मला आजच बघायचंय. का म्हणजे — बघायचंय मला, तिनं खरंच बदललाय का. उद्या ते नावच नसेल ह्या यादीत. मग मला कधी कळणारच नाही.

तुला म्हणून सांगते. दिवाळीत मंडळाचा फराळ होता, इथल्या शाळेच्या हॉलमध्ये, दीडशे माणूस. माइक माझ्याकडे. माझ्याकडेच असतो, आवाज खणखणीत आहे ना. एकेक बाई ताट घेऊन येते, मी सांगते, ह्या अमक्या, ह्यांच्या करंज्या, वाजवा टाळ्या. सुहासिनी आली. एवढं परातभर केलेलं, पहाटे चारपासून तळत होती, भिंतीतून झाऱ्याचा आवाज येत होता मला. मी विचारलं, काय आणलंय? ती म्हणाली, सांबारवडी. आता ती तुझ्याच नागपूरची, तुमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात — तुला मी काय सांगणार — आणि माझ्या तोंडात ती एकतीस वर्षं जुनी थट्टा आहेच. घरात दोघीच असताना नेहमी करते मी, तीही हसते. पण हातात माइक. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हटलं, मंडळी, सुहासिनीताईंनी सांबार आणलंय, इडल्या ज्याच्या त्यानं घरून आणा. हशा पिकला. आणि मग — एवढ्यावर थांबायचं ना माणसानं — मग म्हटलं, नागपुरात कोथिंबिरीचंही सांबार करतात, पुण्यात आम्ही भाषेचं एवढं वरण करत नाही. अजून हशा. ती हसली नाही. परातीवर झाकण ठेवलं, मला हळूच म्हणाली, "एकतीस वर्षं झाली, मधू. एकदा तरी नीट ऐक." आणि परात घेऊन घरी गेली. एक वडी कुणाला दिली नाही.

चुकलं माझं. हे मी कुणाला म्हटलेलं नाही, ह्यांनासुद्धा नाही, तूही विसरून जा. पण त्या दिवशी मला वाटलं, एवढं काय झालं? गंमत केली, एवढ्याशा गमतीनं परात घेऊन जातात? मला वाटलं, हिनंच माझा अपमान केला, एवढ्या लोकांत ताट उचलून. घरी आले, रागात फोन घेतला, वायफायवर बोट दाबून धरलं. फोननं विचारलं, 'फॉरगेट धिस नेटवर्क?' मी म्हटलं, फॉरगेट. बरं वाटलं गं चार दिवस. पाचव्या दिवशी राग उतरला. म्हटलं, आता पुन्हा जोडावं, मग संध्याकाळी भाजणी घेऊन जावं, सॉरी म्हणावं. पासवर्ड घातला, तर 'इनकरेक्ट'. दहा वेळा घातला. तेव्हा कळलं, हिनं तर मला बाहेरच काढलं. मी नुसती हसले, हिनं कुलूपच बदललं. मग मी का जाऊ? भाजणी फ्रीजरमध्ये टाकली. ती आली नाही, मी गेले नाही.

आणि सहा महिने सोपं नसतं हां, एका भिंतीत. तिनं नळ सोडला की मला ऐकू येतो. कुकरच्या शिट्ट्या मोजते मी तिच्या — हल्ली दोनच व्हायच्या, म्हणजे नुसता वरणभात. कचऱ्याचे डबे बाहेर काढायच्या दिवशी आधी खिडकीतून बघायचं ती आहे का, मग आपला बिन न्यायचा. पार्सलवाला तिचं पार्सल माझ्याकडे ठेवून गेला, तर मी ते ह्यांच्या हातून पाठवलं, बारा पावलांवर. आणि हे — आमचे दीनानाथ — ह्यांचं तिच्याशी छान चाललेलं, कुंपणावर उभं राहून टोमॅटोच्या रोपांच्या गप्पा. मी म्हटलं, विचारा ना तिला पासवर्ड का बदलला. तर म्हणतात, "तुमच्या दोघींच्या भानगडीत मी नाही, तूच जाऊन विचार." घर विकायला काढलंय हे मला एजंटच्या पाटीवरून कळलं. रस्त्यातल्या पाटीवरून, ईशिता. देविकाच्या बाळंतपणात हिच्याआधी मी डिंकाचे लाडू वळले होते. आणि आता बघ, खिडकीतून बघ, माझा नवरा तिची खोकी उचलतोय. घरात झाडायचा हूव्हर उचलायला सांगितलं की ह्यांच्या पाठीत चमक भरते.

जाऊ दे. शेवटचं एकदा घालून बघ. मी अक्षरं सांगत नाही आता, मला ते बघवत नाही. तू घाल तुझं तुला येतं तसं. सांबारवडी, चार दोन, चार चार. मी इथं खिडकीत उभी राहते. … सोफा चालला बघ. त्या सोफ्यावर मी अर्धं आयुष्य बसलेय. त्याच्या डाव्या बाजूला खड्डा आहे तो माझा आहे. … काय गं, काय आलं? 'इनकरेक्ट' असेल तर सांग सरळ, मला काही —

कनेक्टेड?

कुठे? … हिरवी खूण. हो, दिसतेय मला, पंचावन्न इंचावर कुणालाही दिसेल. काय घातलंस तू? मी म्हटलं तेच? मग मी घातलं तेव्हा का नाही — वाच बघू. एकेक अक्षर वाच. एस, ए, एम, बी … एच? कुठला एच? सांबारमध्ये एच कुठे असतो? … परत म्हण. … नाही, हळू म्हण, मला ऐकू दे. … सांभार. भ. भाजणीतला भ. तुम्ही सगळे असंच म्हणता? म्हणजे तीही असंच म्हणायची, पहिल्यापासून?

मला तो भ कधी ऐकूच आला नाही गं. एकतीस वर्षं तिनं सांभार म्हटलं आणि मी सांबार ऐकलं, आणि वर इडलीचे विनोद केले. आणि ती म्हणाली होती, नीट ऐक. म्हणजे तिनं काही बदललंच नव्हतं. घरात एकटी, माझ्यावर रुसलेली, घर विकायला निघालेली, आणि तिच्या वायफायमध्ये माझ्या दाराचा नंबर अजून पहिला. सहा महिने दार उघडं होतं, आणि मी बाहेर उभी राहून तिला शिव्या देत होते. मूर्ख बाई. तू नव्हे, मी.

आता काय झालं? चित्र का गेलं? … 'नेटवर्क नॉट फाउंड'. शोध ना परत. नावच नाहीये? … कळलं. प्लग काढला तिनं. म्हणजे शेवटचं खोकं ते. हे व्हॅनचं दार लावतायत बघ. देविकानं गाडी सुरूसुद्धा केली.

माझे बूट कुठायत? जाऊ दे, सपाता बऱ्या. ओट्यावरचा तो डबा दे, मोठा, निळ्या झाकणाचा — सांभाळून, तीन किलो आहे — हो, तिच्यासाठीच भाजली, तुला तेव्हाच कळलं होतं ना, नाक तिखट आहे तुझं. पण जाऊन म्हणू काय? सॉरी म्हटलं तर ती म्हणेल, असू दे. 'असू दे'वर मी तिला कार्डिफला जाऊ देणार नाही. … टीव्ही बंद कर, नाहीतर राहू दे चालू, मला नाही बघायचा. थांब. एकदा ऐक आणि खरं सांग, चुका काढायचा पगार घेतेस तू. सांभार. सांभार. … भ येतोय ना नीट? बरं. मग जा तू आता, तुझी मीटिंग आहे. जाताना दार ओढून घे.