सातव्यांदा टाकलेली विंडोज

तुम्ही कधी हेल्पलाईनच्या मॅडमशी बोललात का? मी एकदाच बोललो, तेही घाम पुसत.

आमच्या शिंगणापुरात आप्पांचं फोटो छापून द्यायचं दुकान आहे. मी नववीत शाळा सोडून कॉम्प्युटर दुरुस्ती शिकलो, त्यामुळे त्यांचं मशीन मीच बघतो. एका वर्षी मी त्यावर सातव्यांदा विंडोज टाकली आणि ती काही केल्या ॲक्टिव्हेट होईना. दुसऱ्या दिवशी शनी अमावस्येची गर्दी. आप्पा म्हणाले, "आज जमलं न्हाई तर मी दुसरा मानूस बघतो."

मी विंडोजच्या हेल्पलाईनला फोन लावला. मॅडमनी विचारलं, "किती कॉम्प्युटरवर टाकलीय?"

"एकाच."

"मग सात वेळा कशाला?"

"व्हायरस येतो. दुकानात कोणीही येऊन पेनड्राईव्ह लावतं."

"पासवर्ड नाही?"

"नाही मॅडम. आमच्या गावात घरांना दारं नसतात. आप्पा म्हणतात, मग मशीनलाच कुलूप कशाला?"

मॅडमनी हळूच विचारलं, "खरंच दारं नाहीत? मग कुत्री आत येत नाहीत?"

"आडवी फळी लावतो."

त्यांनी ॲक्टिव्हेशनचे आकडे सांगितले, मी एकेक टाकत गेलो आणि विंडोज चालू झाली. फोन ठेवताना त्या म्हणाल्या, "दादा, आता तरी पासवर्ड टाका."

मी आप्पांना भीत भीत विचारलं.

"टाक," ते म्हणाले, "पन समद्या गावाला म्हाईत आसंल आसा टाक."