सासूबाईंचा पेनड्राइव्ह

माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, आपल्या ध्वनिपुस्तक केंद्राचे सर्व श्रोते आणि सहकारी, ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या वाचकबाई, आणि खुर्ची रांगेच्या पुढे ओढून बसलेल्या त्यांच्या सासूबाई,

मी केंद्राची ध्वनिमुद्रक. काचेच्या अलीकडे बसून बटणं दाबणारी. बोलायचं काम काचेपलीकडे बाईंचं. त्यामुळे आज माईक माझ्या हाती देणं ही आयोजकांची चूक आहे आणि मी तिचा पुरेपूर फायदा घेणार आहे. बाईंच्या आवाजाबद्दल आधीचे वक्ते इतकं सुरेख बोलले, की मी आपली तो आवाज बसला त्या दिवसाबद्दल सांगते.

सासूबाईंना दिसत नाही हे आपण जाणता. त्या आपल्या सगळ्यात जुन्या आणि, रागावू नका हं सासूबाई, सगळ्यात कटकट्या श्रोत्या. तेव्हा बाई एक रहस्यकथा वाचत होत्या. नेमकं सासूबाईंच्या हृदयाचं ऑपरेशन ठरलं. दुपारी दाखल व्हायचं, आणि सासूबाईंनी घरात जाहीर केलं, "खुनी कोण ते कळल्याशिवाय मी हॉस्पिटलची पायरी चढणार नाही."

बाई सकाळीच आल्या, शेवटचा अध्याय एका बैठकीत वाचला आणि घसा असा बसला, की तोंडातून नुसती हवा. मग बाईंच्या यजमानांनी पुस्तकातून वाचून दाखवावं, नाही का? तेही सुचवून झालं. सासूबाई म्हणाल्या, "त्याने वाचलं तर मला सगळेच खुनी वाटतील!"

म्हणजे सगळी भिस्त सकाळच्या ध्वनिमुद्रणावर, पर्यायाने माझ्यावर. सासूबाईंचा पेनड्राइव्ह बाहेरच्या कॉम्प्युटरला सकाळपासून लावलेला होता. आधीचे सगळे अध्याय त्यातच. मी माझ्या नावाने लॉगिन केलं, अध्याय त्यात टाकायला गेले, तर पडद्यावर उत्तर: परवानगी नाही. अहो, नुसतं उघडून बघायचीही परवानगी नाही! खाली रस्त्यावर यजमान गाडीचा हॉर्न वाजवतायत, गाडीत सासूबाई हटून बसलेल्या, आणि बाई माझ्या मागे उभ्या राहून खुणा करतायत. त्या खुणांचा अर्थ मी या सभेत सांगू शकत नाही.

मी माझे खास अधिकार वापरले. सगळ्यांना सगळी मुभा, असा हुकूम सोडला. कॉम्प्युटर ढिम्म. कारण असे पेनड्राइव्ह फायलींची मालकी लक्षात ठेवत नाहीत. लावताना कॉम्प्युटरवर जो बसलेला असेल, त्याच्या नावाने तो आपोआप उघडतो आणि मग दिवसभर त्याचाच. बरं, बाहेर काढून पुन्हा लावावा, तर म्हणे वापरात आहे. तसाच उपटावा, तर आधीचे अध्याय बिघडायचे. दुसरा पेनड्राइव्ह नव्हता का? होता ना. माझ्या घरी!

शेवटी मी कॉम्प्युटरलाच विचारलं, "बाबा रे, वापरतंय तरी कोण?" त्याने चटकन नाव सांगितलं.

अध्यक्षमहाराज, पाणी हवंय का?

तर मंडळी, "रहस्यकथांवर केंद्राचा वेळ वाया घालवू नये," असं दर बैठकीत बजावणारे आपले अध्यक्ष त्या सकाळी तिथे स्वतःच्या नावाने लॉगिन करून, सासूबाईंच्याच पेनड्राइव्हवरून तीच रहस्यकथा ऐकत होते. अध्याय मध्येच थांबवून ते बैठकीला गेले, आणि पेनड्राइव्ह त्यांच्या नावावर अडकला. मी बैठकीत शिरले आणि म्हटलं, "सर, तुमचा खून अर्धवट राहिलाय." माणूस लाल होतो म्हणजे किती लाल होतो, ते मी तेव्हा पाहिलं. पण धावत आले हो. पासवर्ड दिला, अध्याय बंद केला, पेनड्राइव्ह रीतसर काढला. मी माझ्या नावाने पुन्हा लावला आणि अध्याय सुर्रकन उतरला. बाई तो घेऊन जिना उतरेपर्यंत अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, "एक प्रत मलाही."

ऑपरेशन छान झालं. सासूबाई तर समोरच बसल्यात. मी भेटायला गेले तेव्हा विचारलं, "कळला का खुनी?" तर म्हणाल्या, "शेवटची दहा मिनिटं ऐकलीच नाहीत. मुद्दाम ठेवली. म्हटलं, घरी परत यायला काहीतरी कारण हवं ना." मला हसावं की रडावं कळेना. मी दोन्ही केलं.

आता डॉक्टरांनी बाईंना मोठ्याने वाचायला कायमची बंदी केली आहे. जाणाऱ्याचं कॉम्प्युटरवरचं खातं त्याच दिवशी बंद करायचं, हा आपल्याकडचा नियम. ते काम माझं. बाई, मी ते केलेलं नाही. अध्यक्षांना विचारलं, तेही म्हणाले, "राहू दे." तुम्ही कधीही या, कुठलाही पेनड्राइव्ह लावा, तो तुमच्याच नावाने उघडेल. वाचू नका. काचेपलीकडे नुसत्या बसा. मला त्या खुर्चीत दुसरं कोणी बघायची अजून सवय नाही. परत यायला तुम्हालाही काहीतरी कारण हवं ना?

आपण शांतपणे ऐकलंत, मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहिला असेल तर पोटात घाला. अध्यक्षमहाराजांनी थोडं जास्त घालावं. खुनी कोण ते मी शेवटपर्यंत फोडलं नाही, एवढं तरी माझ्या पदरात टाका.