रावजी बरोबर रावजी

रावजी : आरं अविराज, खाली उतर! फ्लेक्सला हात लावू नगंस.

अविराज : मामा, अख्खं निरवांगी गाव हसतंय. तुमच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सवर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, आन् बाजूला केक! काढू द्या मला. चूक माझीच हाय.

रावजी : तुजी कशी? छापलं इंदापूरच्या दुकानदारानं.

अविराज : त्याच्या प्रोग्राममधी माझी लायब्ररी हाय.

रावजी : लायब्ररी? पुस्तकं वाचीत बसलावता व्हय त्यो?

अविराज : तसली न्हाय ओ. मी लिहिलेला तयार कोड, कुणीबी आपल्या प्रोग्रामला जोडायचा. दोन ऑर्डरी सारख्या हायेत का, हे त्यो बघतो. नाव, गाव, साइज जुळलं की मजकूर जुनाच उचलायचा, फोटो तेवढा नवा. मागच्या महिन्यात डेअरीवालं रावजी वारलं...

रावजी : आन् त्येंचा मजकूर माज्या डोक्यावर! आरं, वाढदिवस का मयत, एवढं तरी इच्यारायचं!

अविराज : इच्यारतो की. जादा माहितीचा रकाना ठेवलाय त्यासाठी. पण तुलना करताना त्यो धरत न्हाय.

रावजी : का? देवानं मना केलंय?

अविराज : दुकानदार त्यात काय बी लिहित्यात. ‘अर्जंट’, ‘जरा गोरा दाखवा’. ते धरलं तर एकाच माणसाची दोन माणसं होतील.

रावजी : म्हनून मेलेला आन् जिता एक केलास? शाब्बास रं माज्या वाघा!

अविराज : आता निमित्ताचा रकाना वेगळा काढून तुलनेत घेतो. पण आधी हे उतरवू द्या. लोकं भेटायला येत्यात आन् मामी दारात बसून एकेकाला कपाळावरचं कुंकू दाखवतीय!

रावजी : दाखवू दे. गेणूदादा निगालाय लोणी भापकरवरनं.

अविराज : थोरलं मामा? ते तर तुमचं तोंड बघत न्हाईत!

रावजी : मी आमची मेंढरं इकली तवापास्नं. ह्या फ्लेक्सचा फोटो कुणीतरी मोबाइलवर धाडला त्याला. बघितला आन् थेट यष्टीला पळाला म्हनं. आता चूक हाय म्हनून कळलं तर वाटंतनंच माघारी फिरंल.

अविराज : आन् हितं आल्यावर तुम्ही जिते दिसलात म्हंजे?

रावजी : त्येचंच भ्या वाटतंय रं. शिव्या दिऊ दे, पर निघून जाऊ नये. लई वर्सं झाली त्येचा आवाज ऐकून.

अविराज : यष्टी आली. उतरलं बघा.

(गेणू फ्लेक्सकडं बघतो, मग फ्लेक्सखाली उभ्या रावजीकडं.)

गेणू : ...जिता हायस व्हय रं?

रावजी : व्हय दादा. ह्या पोराच्या कोडाची चूक झाली.

गेणू : आन् मी गाढव, यष्टीत सगळ्यांदेखत रडत आलो!

अविराज : रागावू नका, मामा. पुढच्या टायमाला असं—

गेणू : पुढच्या टायमाला म्हंजे?

रावजी : तू गप रं. दादा... आता माघारी जातूस व्हय?

गेणू : कसा जाऊ? पिशवीत तेराव्यापातूर ऱ्हायाची कापडं आनलीत.

रावजी : मंग ऱ्हा की.